आधी सांगा, मग बघा

डिसेंबरातल्या सकाळी, माळ्यानं लांब काठी फिरवून दव झाडायच्या आधी गोल्फच्या सरावाच्या ग्रीनवर पोचलं, तर चेंडू कसा गेला ते गवतावर लिहिलेलं सापडतं. पांढुरक्या दवावर एक गडद रेघ उमटते. दहा फुटांचा पट, म्हणजे होलकडे जमिनीवरून घरंगळवलेला फटका, असेल तर पहिले पाच-सहा फूट ती आखल्यासारखी सरळ जाते. मग उताराकडे कलू लागते, आधी इतकी हळू की खाली बसून पाहिल्याशिवाय कळू नये, आणि शेवटच्या दोन फुटांत विळ्याच्या पात्यासारखी वळते. चेंडूत जोर असतो तोवर तो उताराला जुमानत नाही. जोर सरला की उतार त्याला बोटाला धरून नेतो. हे मी आधी वाचलेलं होतं. पण येरवड्याच्या कोर्सवर, लोहगावहून उठलेलं विमान डोक्यावरून गडगडत जात असताना, त्या थंडगार गवतात उकिडवं बसून ती रेघ बोटभर अंतरावरून पाहिली, तेव्हा कुठे ते माझ्या गळी उतरलं.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या गेज रूममध्ये मी पस्तीस वर्षं काढली. खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश. बाहेर मे महिना भाजत असला तरी आत आमच्या अंगात स्वेटर. कारखान्यातली सगळी मापं शेवटी जिथं येऊन तपासली जायची ती ही खोली. मखमलीच्या खाचांत ठेवलेले स्लिप गेज हातमोज्यांनी उचलायचे, कारण बोटांच्या उबेनंही पोलाद फुगतं. तिथं ‘अंदाज’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता. कोणी ‘साहेब, अंदाजे बसेल’ म्हणत आला की त्याला त्याच पावली परत पाठवायचं, हा रिवाज. तो बरोबरच होता, आजही मी तो बदलणार नाही. पण पस्तीस वर्षांत तो माझ्या अंगात फार खोल मुरला.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना एका मित्रानं गोल्फला नेलं आणि मी त्या खेळात रुतलो. लांबचे फटके पाहणाऱ्याच्या नजरेत भरतात. पण अठरा होलच्या बहात्तर पार कोर्सवर हिशेबच असा धरलेला असतो, की दर होलला दोन पट. म्हणजे बहात्तरांतले छत्तीस फटके निव्वळ चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याचे. त्याला ताकद लागत नाही, वयाची अट नाही. हे काम तरी आपल्याला जमेल, हे काम आपलंच आहे, असं मला वाटलं होतं.

मग क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेत अठराव्या होलवर अडीच फुटांचा पट माझ्याकडून हुकला. एका फटक्यानं हरलो. जोडीदार काही बोलला नाही, पाठीवर हात ठेवून पुढं गेला. अडीच फूट म्हणजे हात लांब करून पटर, म्हणजे पट मारायची काठी, पुढं केला तर होलच्या काठाला टेकेल, एवढंच अंतर. त्या रात्री मी जेवलो नाही. टेबलाशी बसून गणित मांडलं.

होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. १८९१ पासून तो नियमानंच ठरलेला आहे. चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. अडीच फुटांवरून होलच्या मध्याकडे निघालेला चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे चार अंशांनी सरकला तरी तो काठाच्या आतच पोचतो. चार अंश! घड्याळाचा मिनिटकाटा मिनिटाला सहा अंश सरकतो. ज्या हातानं आयुष्यभर मायक्रोमीटर फिरवला, तो एवढा ढळणं शक्य नव्हतं. दहा फुटांवरून मात्र ही मुभा जेमतेम एक अंश उरते. तिथं हुकलो असतो तर मीच स्वतःला माफ केलं असतं.

म्हणजे चूक दिशेची नव्हती. मी पुढचं गणित केलं. चेंडू होलमध्ये पडतो म्हणजे काय? काठ ओलांडल्यावर, पलीकडचा काठ गाठायच्या आत, तो किमान स्वतःच्या अर्ध्या उंचीइतका खाली उतरायला हवा. एकवीस मिलिमीटर. गुरुत्वाकर्षणाला त्यासाठी सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. चेंडू हळू आला तर त्याला सगळं होल मोकळं असतं, काठाला स्पर्श झाला तरी तो आत कलंडतो. वेगात आला तर बरोबर मध्यावरूनच जावा लागतो, जरा बाजूला गेला की काठ त्याला गोल फिरवून बाहेर टाकतो. होल तेवढंच असतं, पण वेगाप्रमाणे ते लहान-मोठं होतं. आणि फार हळू सोडला, तर दवातल्या त्या रेघेसारखा शेवटी उतार त्याला पळवतो. त्या दिवशी माझं हेच झालं होतं. मी रेषा तीनदा पाहिली, पटरचं तोंड काटकोनात लावलं, आणि चेंडू किती जोरात जायला हवा हे ठरवलंच नाही. भीतीनं हात आखडला. चेंडू मेल्यासारखा निघाला आणि होलच्या उंबऱ्याशी डावीकडे वळून बसला.

१९७० साली सेंट अँड्रूजला ब्रिटिश ओपनमध्ये डग सँडर्ससमोर शेवटच्या होलवर असंच अंतर होतं, अडीच फूट. पट पडला असता तर तो विजेता होता. पट घ्यायला उभा राहिल्यावर तो मध्येच खाली वाकला, रेषेवरचं काहीतरी उचलायला, आणि मागे न सरता पुन्हा तसाच उभा राहून त्यानं चेंडू ढकलला. तो हुकला. दुसऱ्या दिवशीच्या प्ले-ऑफमध्ये जॅक निकलसनं त्याला एका फटक्यानं हरवलं. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल. त्याच्याबद्दल मला फार जवळचं वाटतं.

मग सराव सुरू केला. गेज रूमच्या पद्धतीनं. एक जागा पक्की केली, तिथून शंभर चेंडू. पटरच्या डोक्यापेक्षा केसभर रुंद अंतरावर टीच्या दोन खुंट्या रोवायच्या आणि त्या दारातून पटर न अडखळता न्यायचा. वहीत आकडे. फिल मिकेलसन तीन फुटांवरून लागोपाठ शंभर पट टाकल्याशिवाय सराव थांबवत नसे हे वाचलं होतं, म्हणून तेही करून पाहिलं. वहीतले आकडे सुरेख चढत गेले. शंभरात साठ, सत्तर, ब्याऐंशी. आणि शनिवारी खेळायला उतरलं की पहिल्याच ग्रीनवर तीन पट.

याचं कारण मानसशास्त्रज्ञांनी कधीच शोधून ठेवलेलं आहे. शे आणि मॉर्गन या दोघांनी १९७९ साली हाताच्या साध्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकच हालचाल पुन्हापुन्हा घोटणारे सराव करताना पुढं दिसतात. हालचाली उलटसुलट मिसळून करणारे तेव्हा चाचपडतात. पण काही दिवसांनी परीक्षा घेतली की चाचपडणारेच पुढं निघालेले असतात. मला हे पटायला वेळ लागला नाही. एकाच जागेवरून दुसरा चेंडू मारताना पहिल्या चेंडूनं उत्तर सांगितलेलंच असतं. पाचव्याला तर हात नुसती नक्कल करतो. खेळात तसा पहिला चेंडू कोणी देत नाही. प्रत्येक पट पहिला आणि शेवटचा.

दुसरा दिलासा कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांच्या आकड्यांनी दिला. अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवर खेळणारे, जगातले निवडक खेळाडू, आठ फुटांवरून साधारण निम्मे पट घालवतात. वीस फुटांवरून शंभरातले पंधराच्या आसपासच पडतात. आपण टीव्हीवर पडलेलेच पट पाहतो, म्हणून वाटतं त्यांचा एकही हुकत नाही. हे कळल्यावर लांबून हुकलेल्या पटाचं दुःख करणं मी सोडून दिलं. चेंडू पहिल्या फटक्यात होलच्या इतका जवळ जावा की दुसऱ्याचा प्रश्नच पडू नये, एवढंच मागायचं ठरवलं. आणि ती मागणी पुन्हा वेगाचीच होती.

हे सगळं मी मामांना सांगितलं. आमच्या कोर्सवरचे ते सर्वांत जुने कॅडी, सगळेच त्यांना मामा म्हणतात. पोरवयात बॅग खांद्यावर घेतली ती घेतलीच. मी वही दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, मिटून मला परत दिली आणि म्हणाले, “साहेब, ह्यात बॉल थांबल्यावरचं सगळं लिवलंय. थांबायच्या आधीचं काय?”

ते काय विचारतायत ते मला कळलं नसावं, म्हणून मी ग्रीनच्या वेगाबद्दल बोलू लागलो. त्यासाठी एक साधन असतं. १९३५ साली ओकमाँटच्या यूएस ओपनमध्ये चेंडू ग्रीनवरून पार बाहेर घरंगळत गेलेला पाहून एडवर्ड स्टिम्प्सन नावाच्या हौशी खेळाडूनं ते बनवलं. तीन फूट लांबीची खाच असलेली पट्टी. एक टोक हळूहळू उचलत न्यायचं, सुमारे वीस अंशांवर चेंडू आपसूक सुटतो आणि सपाट गवतावर किती फूट पळतो ते मोजायचं. नऊ फूट, दहा फूट, तो त्या ग्रीनचा वेग. माझ्यासारख्याला असं साधन म्हणजे पर्वणीच. मामांनी शांतपणे ऐकलं. मग ग्रीनवर चार पावलं चालले, बुटाचा तळवा जरा घासून पाहिला. “काल पाणी दिलंय. जड आहे. दुपारी पळंल.”

त्यांनी मला गवत वाचायला शिकवलं. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा गवत असतं. नाव परदेशी, पण ते हरळीच्या, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्याच कुळातलं. ते सरळ उभं राहत नाही, एका बाजूला लवतं. लव असेल त्या दिशेनं पाहिलं तर ग्रीन चकचकीत दिसतं, उलट बाजूनं गडद. लवेबरोबर चेंडू पळतो, लवेविरुद्ध अडतो, आडवी लव असेल तर तिच्याकडे ओढला जातो. शंका आली तर होलचा काठ बघायचा. एका बाजूला काठ रेखीव असतो, दुसऱ्या बाजूला जरा फाटलेला, वाळलेला. गवत त्या फाटक्या बाजूकडे लवलेलं असतं. एवढं बारीक बघायला गेज रूममध्ये मला सहा महिने शिकवलं गेलं होतं. मामांना कोणीच शिकवलं नव्हतं. त्यांना पाहताना मला अली शेर आठवतो. कॅडीगिरीतून वर आलेला दिल्लीचा हा खेळाडू १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेंडू थांबताना पाहिले, त्यांच्या डोळ्यांत काय साठत असेल!

आणि मग मामांनी तो सराव दिला. चेंडू एकच. दर वेळी जागा वेगळी. आधी नेहमीसारखं होलकडे पाहायचं, मनात चेंडू जाऊ द्यायचा. मग चेंडूवर उभं राहून डोळे मिटायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच पट मारायचा. चेंडू गेला. डोळे उघडायचे नाहीत. किती गेला, कमी की जास्त, डावीकडे की उजवीकडे, ते मोठ्यानं सांगायचं.

“आधी सांगा, मग बघा.”

पहिल्या दिवशी मी म्हणालो, “दोन फूट कमी.” डोळे उघडले तर चेंडू होलच्या चार फूट पुढं. दुसरा, “बरोबर होलशी.” तीन फूट मागे. तासाभरात मला घाम फुटला. चेंडू चुकतो हे मला ठाऊक होतं, पण मी स्वतः काय केलं हेसुद्धा मला कळत नाही, हे नव्यानं समजत होतं. ज्याचं मोजमापच चुकतंय त्या यंत्रावर आम्ही लाल चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवायचो. इथं ते यंत्र माझा हात होता.

मामा फूट-इंचांत बोलत नसत. त्यांची मापं म्हणजे वीत, हात, पाऊल. हळूहळू मीही तसंच बोलू लागलो. “एक हात पुढं.” “नाही साहेब, दीड.” “वीतभर कमी, डावीकडे.” “कमी बरोबर. डावीकडे नाही.” आठवडे गेले. पट पडण्याचं प्रमाण पहिल्यांदा काही वाढलं नाही. वाढलं ते सांगण्याचं खरेपण. चेंडू पटरच्या मध्यावर बसला तर तळव्यांत एक भरीव, घट्ट जाणीव येते. टोकाकडे लागला तर दांडा मनगटात किंचित पिळवटतो आणि चेंडू नक्की कमी जातो. हे सगळं आधीही होत असणार. मी चेंडूमागे डोळे पळवायचो, म्हणून हाताचं बोलणं माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मग एक दिवस असा आला की दहांपैकी सात वेळा माझं आणि मामांचं माप जुळलं, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांत चेंडू आपोआप होलच्या आसपास गोळा व्हायला लागले.

त्या सुमाराला मला माझी आई सारखी आठवत होती. गौरीजेवणाच्या दिवशी पहाटेपासून चूल. सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी, कोशिंबिरी, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही. उष्टं होतं. इतर दिवशी ती पळीतून थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायची. त्या दिवशी नाही. दहा-बारा माणसांच्या आमटीत ती मिठाची मूठ सोडायची, जरा थांबायची, आणखी दोन बोटांची चिमूट घालायची आणि झाकण ठेवायची. पानावर बसल्यावर वडील पहिला घास घेऊन मान हलवायचे. मीठ कधी चुकलेलं मला आठवत नाही. मी इंजिनिअरिंगला असताना तिला विचारलं होतं, किती ग्रॅम घालतेस? ती म्हणाली, “अंदाजानं रे.” मी हसलो होतो. ते हसणं आज मला खुपतं. तीस-चाळीस वर्षं रोज घालायचं, मग चाखायचं, आणि चाखण्याआधी मनात ठरवलेलं असायचं की आज किती झालंय. त्या रोजच्या पडताळ्यानं तिच्या मुठीत जे आलं होतं, तेच मी साठीच्या उंबरठ्यावर, डोळे मिटून, येरवड्यात शोधत होतो.

७ ऑगस्ट २०२१ हा शनिवार मी विसरणार नाही. त्या संध्याकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राच्या भाल्यानं देश वेडा झाला. पण त्या दिवशी सकाळी लवकर उठून आम्ही काही जण टीव्हीसमोर बसलो होतो ते आपल्या गोल्फपटू अदिती अशोकसाठी. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी कोर्सवर जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली ही मुलगी चार दिवस पदकाच्या शर्यतीत टिकून होती. तिचे लांबचे फटके इतरांच्या बरेच मागे पडत, आणि ती कसर ती ग्रीनवर पटरनं भरून काढत होती. बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. मध्ये वादळानं खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. शेवटच्या ग्रीनवर तिचा बर्डीचा, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी करणारा, पट पडला नाही. चौथी, कांस्यपदकापासून एका फटक्यावर. लोक हळहळले. मी तिच्या पटिंगच्या फिती पुढं कितीतरी दिवस पाहत राहिलो. एवढ्या मोठ्या मैदानावर हातातल्या अंदाजाच्या बळावर एक मुलगी जगातल्या लांबवर मारणाऱ्यांच्या बरोबरीनं चार दिवस उभी राहिली, हे मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं.

सगळंच सरावानं सुटतं असं मात्र मी म्हणणार नाही. काहींचा हात ऐन वेळी आपसूक उडतो. त्याला यिप्स म्हणतात. बर्नहार्ड लँगरसारख्या, दोनदा मास्टर्स जिंकलेल्या खेळाडूला तो त्रास आयुष्यात पुन्हापुन्हा झाला, आणि दर वेळी त्यानं पटर धरण्याची पद्धत बदलून त्यातून वाट काढली. माझ्या ओळखीतल्या एकांना हे झालं तेव्हा लोकांनी त्यांना ‘आणखी सराव करा’ असंच सांगितलं, आणि ते अधिकच खचत गेले. तिथं वेगळी वाट शोधावी लागते.

मामांचे गुडघे आता अठरा होल साथ देत नाहीत. ते ग्रीनच्या कडेला लाकडी बाकावर बसतात, कानटोपी कपाळापर्यंत ओढून. आज सकाळी दव भरपूर होतं. मी पंधरा-सोळा पावलांवरून चेंडू ठेवला. वरून खाली येणारा, डावीकडे वळणारा, शेवटी लवेविरुद्ध जाणारा. होलकडे पाहिलं, डोळे मिटले, पट सोडला. तळव्यांत जाणीव घट्ट आली होती. कुठेतरी कावळा ओरडला. चेंडू थांबला असेल असं वाटेपर्यंत थांबलो.

“दीड वीत पुढं,” मी म्हणालो. “उजवीकडून.”

बाकावरून थोड्या वेळानं आवाज आला. “उजवीकडून बरोबर. वीत एकच.”

डोळे उघडले. माळी काठी घेऊन ग्रीनच्या त्या टोकाला आला होता. मी त्याला हातानं जरा थांब म्हटलं, आणि दवातली ती रेघ पुसली जायच्या आधी तिच्या कडेकडेनं होलपर्यंत चालत गेलो.